आहे त्या स्थितीत

१० जानेवारी २०२० रोजी अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्यातल्या किसिमी या गावी एक हिरवी मोटार लिलावाला उभी राहिली. तिचा रंग जागोजाग विटलेला होता, पत्र्यावर ओरखडे आणि पोचे होते, गंजाचे डाग झाकण्याचा कोणी प्रयत्न केलेला नव्हता. ३४ लाख डॉलरांच्या बोलीवर हातोडा पडला. लिलावसंस्थेची दस्तुरी धरून हा आकडा ३७ लाख ४० हजारांवर गेला. फोर्ड कंपनीच्या मस्टँग या मोटारीला जाहीर लिलावात तोवर एवढी किंमत कधी मिळाली नव्हती. त्याच वर्षाची, त्याच रंगाची, त्याच इंजिनाची आणि शिवाय आरशासारखी लखलखीत केलेली मस्टँग या रकमेच्या अगदी लहानशा अंशात कोणालाही घेता आली असती.

श्रीमंतांचा छंद म्हणून हा व्यवहार बाजूला सारणे सोपे आहे. परंतु जुन्या संहिता वाचणे आणि वाचावयास शिकविणे हा ज्यांचा व्यवसाय आहे, त्यांना यात काहीतरी ओळखीचे दिसावे. किसिमीच्या मंचावर उभी असलेली वस्तू वाहन म्हणून विकली जात नव्हती. ती पुरावा म्हणून विकली जात होती आणि तो पुरावा शाबूत राहिल्याचे पैसे मोजले जात होते. तो शाबूत कसा राहिला, हे पाहण्याजोगे आहे. त्यात जतनाच्या हेतूपेक्षा अडचण, दिरंगाई आणि एक नादुरुस्त क्लच यांचाच वाटा मोठा दिसतो.

तत्पूर्वी थोडी प्रकारनिश्चिती. मस्टँगला स्पोर्ट्स कार म्हणावे की नाही, यावर अमेरिकेतील दर्दी मंडळींत जुना वाद आहे. कादंबरी कोठे संपते आणि दीर्घकथा कोठे सुरू होते, या आपल्याकडील वादाइतकाच तो चिवट आणि तितकाच निष्फळ आहे. काटेकोर माणसे म्हणतात की स्पोर्ट्स कार दोन आसनांचीच असते. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनहून परतलेल्या सैनिकांना एमजीसारख्या लहान, उघड्या, चपळ गाड्यांची गोडी लागली होती आणि अमेरिकी कारखान्यांकडे त्यांना देण्यासारखे काही नव्हते. १७ जानेवारी १९५३ रोजी न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ अ‍ॅस्टोरिया हॉटेलात जनरल मोटर्सने शेव्हरोले कॉर्व्हेट मांडली, ती या उणिवेवर उत्तर म्हणून. पत्र्याऐवजी फायबरग्लासचे अंग, पांढरा रंग, लाल बैठक. त्या वर्षी फक्त ३०० गाड्या निघाल्या आणि त्या सर्व पांढऱ्या होत्या. दिसावयास ती वेगवान होती, परंतु आत सहा सिलिंडरांचे, १५० अश्वशक्तीचे, घरगुती गाडीतून आणलेले इंजिन आणि दोनच गतींची स्वयंचलित गिअरपेटी. १९५५ मध्ये कॉर्व्हेटच्या अवघ्या ७०० गाड्या तयार झाल्या. त्याच वर्षी फोर्डने आपली दोन आसनी थंडरबर्ड १६ हजारांहून अधिक संख्येने खपविली. झोरा आर्कस-डुन्टोव्ह या अभियंत्याच्या हट्टामुळे आणि आठ सिलिंडरांच्या नव्या इंजिनामुळे कॉर्व्हेट तगली, असे सामान्यतः मानले जाते.

मस्टँगचा जन्म याच्या अगदी उलट रीतीने झाला. १७ एप्रिल १९६४ रोजी न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात ती लोकांपुढे आली तेव्हा तिची मूळ किंमत २,३६८ डॉलर होती. फाल्कन या साध्या कौटुंबिक गाडीच्या सांगाड्यावर लांब बॉनेट आणि आखूड मागचा भाग बसवून ती घडविली होती. आसने चार, म्हणजे काटेकोर व्याख्येतून ती बाहेरच. पहिल्याच दिवशी सुमारे २२ हजार गाड्यांची मागणी नोंदली गेली आणि दोन वर्षे पुरी होण्याआधीच दहा लाखावी मस्टँग बाहेर पडली. स्पोर्ट्स कारचे रूप तिने दुकानातल्या कारकुनाच्या आणि महाविद्यालयीन मुलीच्या खिशाला परवडेल असे केले. व्याख्येचा वाद मी येथेच सोडतो. रस्त्यावरच्या माणसाने तो केव्हाच निकालात काढला आहे.

ज्या मोटारीचा हा लेख आहे ती १९६८ सालची मस्टँग जीटी फास्टबॅक. इंजिन ३९० घनइंचांचे. फोर्डच्या रंगपत्रिकेत रंगाचे नाव हायलँड ग्रीन. वॉर्नर ब्रदर्सने ‘बुलिट’ या चित्रपटासाठी अशा दोन गाड्या घेतल्या. त्यांचे क्रमांक एकापुढे एक होते : अखेरचे आकडे ५५८ आणि ५५९. दिग्दर्शक पीटर येट्स, नायक स्टीव्ह मॅक्वीन. नायक सॅन फ्रान्सिस्कोचा पोलीस अधिकारी असल्याने गाडीवरची चकाकती बोधचिन्हे काढून टाकण्यात आली. पुढच्या जाळीतला धावता घोडासुद्धा गेला. ऑक्टोबर १९६८ मध्ये चित्रपट आला आणि त्यातील सुमारे ११ मिनिटांचा पाठलाग चित्रपटांच्या इतिहासात जाऊन बसला. काळी डॉज चार्जर पुढे, हिरवी मस्टँग मागे, शहरातील चढउतारांवरून चारही चाके हवेत. संकलक फ्रँक केलर यांना त्यासाठी ऑस्कर मिळाले. याच संकलनात एक हिरवी फोक्सवॅगन पुनःपुन्हा मागे टाकली जाते आणि चार्जरच्या चार चाकांवरून चारांहून अधिक झाकणे उडतात. एकच प्रसंग अनेक कोनांतून टिपून जोडल्याच्या या खुणा आहेत. हस्तलिखितात एकच ओळ दोनदा उतरलेली सापडावी तशा त्या सापडतात. आणि खरे सांगायचे तर त्यामुळे पाठलागाची गोडी कमी झालेली नाही.

दोन गाड्यांपैकी उड्यांची आणि आदळआपटीची कामे मुख्यतः ५५८ ने केली. चित्रीकरण संपता संपता ती इतकी खिळखिळी झाली की भंगारात गेली. ५५९ मध्ये मॅक्वीन स्वतः बसून चित्रीकरण झाले होते. तिच्या अंगाखाली कॅमेरे बसविण्यासाठी जोडलेले लोखंडी आधार होते. ही गाडी प्रथम वॉर्नर ब्रदर्सच्याच एका कर्मचाऱ्याने घेतली. त्याच्याकडून ती न्यू जर्सीतील एका पोलीस डिटेक्टिव्हकडे गेली. पडद्यावरच्या डिटेक्टिव्हची मोटार खऱ्या डिटेक्टिव्हच्या दारात उभी राहिली, असे कथेत लिहिले असते तर आपण लेखकाला ओढूनताणून आणलेल्या योगायोगाबद्दल धारेवर धरले असते. १९७४ मध्ये त्या गृहस्थांनी ‘रोड अँड ट्रॅक’ या मासिकात छोटी जाहिरात दिली. ती वाचून न्यू जर्सीतीलच एका विमा अधिकाऱ्याने ६,००० डॉलरांस गाडी घेतली. सहा वर्षे वापरलेल्या मस्टँगसाठी ही किंमत भारी होती. चित्रपटाचे नाव तेव्हाही किमतीत मोजले गेले होते, हे यावरून दिसते. पुढे अडीच-तीन दशके त्याचा गवगवा झाला नाही इतकेच.

त्यानंतरची सहा वर्षे माझ्या मते या कथेचा सर्वांत सुंदर भाग आहेत. विमा अधिकाऱ्याच्या कुटुंबाने या गाडीचे काहीच विशेष केले नाही. ती घरची गाडी झाली. त्यांच्या पत्नी शाळेत शिक्षिका होत्या. त्या ती चालवीत शाळेत जात. पडद्यावर ज्या क्लचवर मॅक्वीनचा पाय होता, त्याच क्लचवर पाय ठेवून एक शिक्षिका सकाळच्या घंटेची वेळ गाठीत होती. ज्या वाचकांनी पहिल्या तासाला पोहोचण्यासाठी धावपळ केली आहे त्यांना ही पाठलागाची आवृत्ती अधिक जवळची वाटावी.

१९७७ च्या डिसेंबरमध्ये या कुटुंबाला एक पत्र आले. तारीख १४, खाली सही स्टीव्ह मॅक्वीनची. त्याने गाडी परत मागितली होती. ती आपल्या घरात राहावी, चित्रपटात होती तशीच ठेवावी, तिच्यात फेरफार करू नये अशी त्याची इच्छा होती. बदल्यात आपण दुसरी चांगली मस्टँग शोधून देऊ. मात्र फार पैसे लागणार असतील तर हा विषय विसरून जावा, असेही त्यात होते. गाडी विकली गेली नाही. १९८० मध्ये क्लच निकामी झाला. काट्यावर सुमारे ६५ हजार मैल होते. गाडी गॅरेजात गेली आणि तेथेच राहिली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात मॅक्वीनचा मृत्यू झाला. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही.

पुढे कुटुंबाने गावे बदलली, गाडी त्यांच्याबरोबर फिरली आणि शेवटी टेनेसीत स्थिरावली. एव्हाना चित्रपटाचे भक्त ती शोधू लागले होते. मालकाने मौन पाळले. २००१ मध्ये फोर्डने ‘बुलिट’ नावाची विशेष मस्टँग काढली, त्या सुमारास बाप-लेकांनी ही गाडी दुरुस्त करावयास घेतली होती. ते काम अर्ध्यावर राहिले. २०१४ मध्ये वडील वारले. मुलाने गाडी चालू केली, मात्र अंगाला हात लावला नाही, आणि जानेवारी २०१८ मध्ये डेट्रॉईटच्या मोटार प्रदर्शनात ती जगापुढे आणली. त्याच वर्षी अमेरिकेच्या ऐतिहासिक वाहनांच्या राष्ट्रीय नोंदवहीत तिचा समावेश झाला.

आता असा विचार करून पाहावा. १९८० मध्ये क्लच दुरुस्त झाला असता तर? गाडी आणखी दहा वर्षे शाळेत गेली असती, दरवाजे गंजले असते, नवे पत्रे बसले असते. २००१ चे काम पुरे झाले असते तर? त्या काळच्या रीतीप्रमाणे अंग खरवडून काढले असते, कॅमेऱ्याचे आधार निरुपयोगी म्हणून कापले गेले असते आणि वर तकतकीत हिरवा रंग चढला असता. गाडी सुंदर दिसली असती. गाडीवर कोरलेला क्रमांक तोच राहिला असता, पत्रही राहिले असते. परंतु गाडी आणि चित्रपट यांच्यामधला जो दुवा तिच्या स्वतःच्या अंगावर होता, तो गेला असता. उरली असती फक्त कागदांची साक्ष.

मराठीत यासाठी दोन शब्द हाताशी आहेत : जतन आणि जीर्णोद्धार. जीर्णोद्धार हा शब्द देवळांच्या संदर्भात आपल्या कानाला मंगल वाटतो. ज्याने जीर्णोद्धार केला त्याचे नाव शिळेवर कोरले जाते. ज्याने काही केले नाही त्याचे नाव कोठेच येत नाही. जुन्या मोटारींच्या अमेरिकी बाजारातही कित्येक दशके असाच भाव होता. जीर्णोद्धारित गाडीला पारितोषिक मिळे आणि विटलेल्या रंगाच्या गाडीला ‘अजून काम बाकी आहे’ असे समजले जाई. हे उलटू लागले ते विसाव्या शतकाच्या शेवटी. ब्लूमिंग्टन गोल्ड या कॉर्व्हेट मेळाव्याने १९९० मध्ये ‘सर्व्हायव्हर’ अशी वेगळी वर्गवारी सुरू केली, ती या बदलाची एक खूण म्हणता येईल. ज्या गाडीचा रंग, बैठक, यंत्र कारखान्यातून निघाले तसेच बऱ्याच अंशी टिकून आहे, तिचा हा मान. एकदा हा मान निर्माण झाला की विक्रीच्या जाहिरातीची भाषाही बदलते. ‘नव्यासारखी’ हा स्तुतिपर शब्द मागे पडतो आणि ‘कोणी हात न लावलेली’ हा पुढे येतो.

कॉर्व्हेटच्याच इतिहासात याचे एक बोलके उदाहरण आहे. १९६३ च्या स्टिंग रे कूपेची मागची काच मधोमध एका पट्टीने दुभागलेली होती. बिल मिचेल या रचनाप्रमुखाला ती पट्टी म्हणजे सगळ्या आकाराचा कणा वाटे. डुन्टोव्हला ती मागचे दिसू न देणारी अडगळ वाटे. मिचेलचे म्हणणे एक वर्ष चालले. १९६४ पासून काच अखंड झाली. दुभागल्या काचेच्या १०,५९४ कूपे तेवढ्या रस्त्यावर आल्या, आणि त्यांच्या मालकांपैकी काहींनी ती पट्टी कापून नव्या वर्षाची अखंड काच बसवून घेतली. गाडी अद्ययावत दिसे, मागचे नीट दिसे, पैसेही फार लागत नसत. त्यांची कृती शहाणपणाची होती. आज तीच दुभागलेली काच संग्राहकांना प्राणाहून प्रिय आहे, आणि कापलेल्या गाड्यांवर पुन्हा पट्टी बसविण्याचा उद्योग चालतो. लिपिकाराने दुर्बोध वाटलेला शब्द बदलून सुबोध शब्द घालावा आणि काही पिढ्यांनी संपादकाने तो दुर्बोध शब्दच मूळ पाठ म्हणून परत आणावा, तसा हा प्रकार. फरक असा की संपादक तळटीप देतो. मोटारीला तळटीप नसते.

तळटीप नसल्यामुळेच संशयाला जागा राहते. या बाजारात ‘जुळते क्रमांक’ हा मंत्र आहे : इंजिनाच्या ठोकळ्यावर ठोकलेला आकडा गाडीच्या क्रमांकाशी जुळला पाहिजे. आकड्यांवर किंमत ठरू लागताच जुने आकडे घासून नवे ठोकणारेही निर्माण झाले. मग ठोकणीची अक्षरे, त्यांची खोली, धातूवरच्या यंत्राच्या रेघा तपासणारे तज्ज्ञ आले. १९७४ मध्ये स्थापन झालेल्या कॉर्व्हेट जीर्णोद्धारकांच्या राष्ट्रीय संस्थेत गाडी कारखान्यातून निघाली तशी आहे की नाही हे इतके बारकाईने पाहिले जाते की तपासनिसाने सांगाड्यावर खडूने मारलेली फुली, घाईत इकडेतिकडे उडालेला रंग हेही जसेच्या तसे उमटविण्यासाठी मंडळी झटतात. सेंट लुईसच्या कारखान्यातील कामगाराने पाळी संपत आल्यामुळे जो हलगर्जीपणा केला, तो पन्नास वर्षांनी कोणीतरी तासन्‌तास खपून हुबेहूब उतरवितो. मला हे हास्यास्पद वाटत नाही. परंतु त्या कामगाराला हे कळले असते तर तो काय म्हणाला असता, असे वाटून जाते.

जतन की जीर्णोद्धार या प्रश्नाला कोणाला खरोखरीच तोंड द्यावे लागले असेल, तर ते केंटकी राज्यातील बोलिंग ग्रीन येथील राष्ट्रीय कॉर्व्हेट संग्रहालयाला. १२ फेब्रुवारी २०१४ च्या पहाटे तेथील एका दालनाची जमीन खचली आणि आठ कॉर्व्हेट खाली गेल्या. चुनखडकाच्या त्या प्रदेशात जमिनीखाली पोकळ्या असतात. सर्व गाड्या वर काढल्यावर प्रथम भाषा होती ती आठही पूर्ववत करण्याची. अखेर तीनच दुरुस्त करावयाच्या ठरल्या : १९६२ ची एक काळी, २००९ ची ‘ब्लू डेव्हिल’ आणि १९९२ मध्ये निघालेली दहा लाखावी पांढरी कॉर्व्हेट. उरलेल्या पाच चेंगरलेल्या अवस्थेतच ठेवण्याचा निर्णय झाला. नळीसारखे पिळवटलेले सांगाडे, फुटलेले फायबरग्लास, त्यात अडकलेली माती हाच आता त्यांचा इतिहास झाला होता. दुरुस्त झालेल्या पांढऱ्या गाडीची हकिगत याहून सूक्ष्म आहे. ती बांधणाऱ्या कामगारांनी तिच्या आतल्या भागांवर सह्या केल्या होत्या. दुरुस्ती करणाऱ्यांनी सही असलेला प्रत्येक भाग वाचविण्याचा प्रयत्न केला आणि जेथे ते अशक्य झाले तेथे नव्या भागावर त्या सहीची प्रतिकृती उमटविली. प्रतिकृतीची सही ही सही आहे काय? वर्गात हा प्रश्न मी एकदा विचारला होता. विद्यार्थ्यांचे दोन तट पडले आणि तास संपला तरी वाद संपला नाही.

किसिमीच्या लिलावामुळे जतनाचा पक्ष जिंकला, असे मानावयाचे असेल तर एक अडचण आहे. त्या गाडीचा विक्रम सहा महिने टिकला. जुलै २०२० मध्ये इंडियानापोलिस येथे शेल्बी जीटी ३५० आर या १९६५ च्या शर्यती मस्टँगचा आद्य नमुना ३८ लाख ५० हजार डॉलरांना गेला. केन माइल्स या चालकाने शर्यतीत हाकलेली ती गाडी संपूर्ण जीर्णोद्धार करून १९६५ च्या पहिल्या शर्यतीच्या वेळी होती तशी करण्यात आली होती. म्हणजे विटलेल्या मस्टँगला लखलखीत मस्टँगने मागे टाकले. दोन्ही गाड्यांत एक गोष्ट समान होती : कोण, कोठे, केव्हा याची साखळी तुटलेली नव्हती. तेवढ्यावरून बाजाराला एकाच तत्त्वात बसविण्याचा मोह मी टाळतो. बोली लावणाऱ्या दोन माणसांची त्या दिवशीची ईर्षा हेही किमतीचे एक कारण असतेच.

राहता राहिली ५५८, भंगारात गेलेली जोडगाडी. ती नष्ट झाली असेच बहुतेकांनी धरले होते. २०१७ मध्ये मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्निया द्वीपकल्पात एक मस्टँग सापडली, पांढरा रंग फासलेला सांगाडा. ज्यांच्या हाती ती आली त्यांना तिच्यापासून दुसऱ्याच एका चित्रपटातील प्रसिद्ध मोटारीची नक्कल बनवावयाची होती. त्यासाठी कापाकापी करण्याचा बेत होता. तेवढ्यात कोणीतरी तिचा क्रमांक पडताळून पाहिला.